मुळा, मोहरी, अळीव: कोबीच्या कुळातलं बियाणं घरी कसं धरायचं

विदर्भात घरचं बियाणं म्हटलं की वांगी, भेंडी, ढेमसं, दोडका, वाल यांचं बी राखलेलं सापडतं. मुळा आणि कोबीचं पाकीट मात्र दरवर्षी कृषी केंद्रातून येतं. कारण साधं आहे: वांग्याचं बी वांग्यातच दिसतं, मुळ्याचं दिसत नाही. आपण मुळा उपटतो आणि कोबी कापतो, म्हणजे बी धरायच्या कितीतरी आधी झाडाचं आयुष्य संपवतो. झाड राहू दिलं तरच ते दांडा फेकतं, फुलतं, शेंगा धरतं. हे सगळं एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढचं काम अवघड नाही. पण या कुळाच्या तीन-चार गोष्टी आधी कळायला हव्यात, नाहीतर हंगामभराची मेहनत करून भलतंच बी हाती येतं.

या कुळात पानकोबी, फुलकोबी, नवलकोल, ब्रोकोली, मुळा, सलगम, मोहरी आणि अळीव येतात. ओळखायची खूण फुलात आहे. मुळ्याचं फूल हातात घेऊन पाहा: चारच पाकळ्या, समोरासमोर, अधिकच्या चिन्हासारख्या मांडलेल्या. आत सहा पुंकेसर, त्यातले चार उंच आणि दोन बुटके. मुळ्याचं फूल पांढरं आणि त्यावर जांभळट शिरा, मोहरीचं पिवळं. मांडणी मात्र तीच.

पहिल्या वर्षी पानकोबीच्या मागे लागू नका

हे आधीच सांगतो, कारण नवा माणूस हमखास पानकोबीपासूनच सुरुवात करतो. पानकोबीला फुलावर यायला लांबलचक थंडी लागते. झाड चांगलं वाढलेलं असताना त्याला काही आठवडे सलग 10 अंशांच्या आसपास किंवा त्याखाली थंडी मिळाली, तरच आतला कोंब दांडा फेकायला तयार होतो. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे हुडहुडी भरते, पण दुपारी ऊन 27-28 अंशांवर जातं. कोबीला ती थंडी पुरत नाही. गड्डा फुटतो, सडतो, फूल काही येत नाही. म्हणून कोबीचं बियाणं हिमाचलच्या कुल्लू खोऱ्यासारख्या ठिकाणी तयार होतं. तिथे कट्राईनला भारतीय कृषी संशोधन संस्थेचं प्रादेशिक केंद्रच आहे. झाड हिवाळाभर थंडी खातं, वसंतात फुलतं आणि उन्हाळ्यात बी देतं. नवलकोल, ब्रोकोली आणि उशिराची स्नोबॉल प्रकारची फुलकोबी यांचीही गत तीच.

फुलकोबीचे पुसा कातकी, पुसा दीपालीसारखे अगात वाण वेगळे. त्यांचं बियाणं उत्तर भारताच्या मैदानी भागातही धरतात. हौस असेल तर दोन-चार वर्षं मुळ्यावर हात बसल्यावर अशा वाणाची काही झाडं राखून पाहा. तोवर मुळा, मोहरी आणि अळीव ही तीन पिकं पुरेशी आहेत. तिन्ही आपल्या रब्बीत नीट बी देतात.

पाकीट वाचा

बी कुठून सुरू करायचं हा खरा पहिला प्रश्न. पाकिटावर ‘संकरित’, ‘हायब्रिड’ किंवा ‘एफ-1’ लिहिलेलं असेल तर त्याचं बी धरू नका. उगवेल, पण पुढच्या पिढीत एक मुळा लांब, दुसरा आखूड, तिसरा फाटे फुटलेला असं होईल. ‘सुधारित’ किंवा ‘सरळ वाण’ लिहिलेलं हवं. मुळ्यात पुसा देशी, पुसा रेश्मी, पुसा चेतकी हे वाण मैदानी भागात बी देतात. पुसा हिमानी आणि व्हाइट आयसिकल यांना डोंगराळ थंडी लागते, ते टाळा. नुसतं ‘पुसा’ पाहून घेऊ नका, त्या नावाचे संकरित वाणही असतात.

त्याहून चांगलं म्हणजे आठवडी बाजारात मुळा विकणाऱ्या एखाद्या आजीबाईकडे घरचं बी असेल तर ते मागून घेणं. ज्या बियाण्याने आपल्याच मातीत आणि आपल्याच थंडीत पिढ्या काढल्या आहेत, त्याची सर पाकिटाला नाही.

कायद्याची धास्ती काही जण घेतात. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, 2001 याच्या कलम 39 नुसार शेतकऱ्याला आपलं बियाणं राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि विकण्याचाही हक्क आहे. संरक्षित वाणाचं बियाणं ब्रँडच्या नावाने, पाकीटबंद करून विकता येत नाही, एवढंच.

मुळा: पेरणीपासून निवडीपर्यंत

पाऊस पुरता उघडला की, म्हणजे दसरा ते दिवाळीच्या दरम्यान, मुळा पेरा. बियाण्यासाठी जितकी झाडं हवीत त्याच्या चार-पाच पट मुळा पेरायचा. चाळीस झाडं राखायची असतील तर दोनशे मुळे जमिनीत हवेत. बाकीचे खायला आणि बाजाराला जातात, त्यामुळे नुकसान काही नाही. जागा मात्र घराजवळची निवडा. वावराच्या टोकाला लावलेला मुळा रानडुकरं उकरतात आणि पाला रोही खातात.

एवढी झाडं कशाला, एका मुळ्यालाही ढीगभर शेंगा लागतील, असं वाटेल. लागत नाहीत. मुळ्याच्या फुलाची कुक्षी स्वतःच्याच झाडाचा पराग ओळखते आणि रुजू देत नाही. दुसऱ्या झाडाचा पराग माशीने आणला तरच शेंग भरते. एकटं झाड फुलांनी लदबदतं, पण शेंगा मोजक्याच आणि त्यातही पोचट. शिवाय चार-पाच झाडांवरून बी धरत राहिलं तर दोन-तीन पिढ्यांत वाण खंगतो: मुळा बारीक होतो, उगवण घटते. वीस-पंचवीस झाडं ही खालची मर्यादा समजा, चाळीस-पन्नास असतील तर उत्तम.

पेरल्यानंतर पंचेचाळीस ते पंचावन्न दिवसांनी, वाणाप्रमाणे, मुळा खायच्या ऐन लायकीचा होतो. नोव्हेंबरच्या शेवटी किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला हा दिवस येतो. त्याआधीच एखाद्या झाडाने दांडा फेकला असेल तर ते उपटून टाका. इथे भल्याभल्यांची गफलत होते. सगळ्यांत आधी फुललेलं झाड पाहून माणूस खूश होतो आणि त्याचंच बी राखतो. पण लवकर फुलणं हा मुळ्यातला दोष आहे. त्याचं बी धरलं तर पुढच्या वर्षी मुळा पोसायच्या आतच सगळा वाफा फुलावर येईल.

आता निवड, आणि सगळ्या कामात हाच भाग महत्त्वाचा. मुळे जागेवरच ठेवूनही बी धरता येतं, थोडं जास्तही मिळतं. पण मग जमिनीखाली काय आहे ते दिसत नाही. म्हणून सगळे मुळे उपटा, पोत्यावर ओळीने मांडा आणि सावकाश पाहा. सरळ, गुळगुळीत, वाणाच्या रंगाचे, खाली निमुळते होत गेलेले मुळे एका बाजूला घ्या. फाटे फुटलेले, चिरलेले, केसाळ मुळांचे, कीड लागलेले बाजूला काढा. फार मोठा मुळाच निवडायचा असं नाही. वाण जसा असायला हवा तसा मुळा निवडायचा.

मग प्रत्येक निवडलेल्या मुळ्याचा खालचा साधारण एक तृतीयांश भाग धारदार विळ्याने कापा आणि काप पाहा. आतला गर घट्ट, ओलसर, काचेसारखा हवा. मध्ये पांढरट, भुसभुशीत, कापसासारखं दिसलं तर तो मुळा भाजीत टाका. कापलेला तुकडा चाखूनही बघा. जिभेला झोंबणारा मुळा तुमच्या घरी आवडत असेल तर तसाच राखा, सौम्य आवडत असेल तर सौम्य. चव निवडायची संधी इथेच मिळते, आणि चार-पाच वर्षं सातत्याने निवड केली की वाण तुमच्या घरचा होतो.

वरचा पाला चार बोटं ठेवून छाटा, पण मधल्या कोंबाला विळा लागू देऊ नका. तो कोंबच पुढे दांडा होणार आहे. कापलेल्या तोंडाला चुलीतली राख लावा आणि त्याच दिवशी संध्याकाळी लावून टाका. दोन फुटांवर सरी, सरीत दीड फुटावर एक मुळा, माथा मातीच्या बरोबरीने. लगेच पाणी द्या. दोन-तीन दिवस झाड मरगळलेलं दिसेल, आठवड्याभरात नवी पानं येतील. यावेळी जादा पाणी दिलं तर काप सडतो, तेव्हा वाफसा पाहूनच पाणी द्या.

फुलोऱ्यातला महिना

संक्रांतीच्या आसपास दांडे कंबरेइतके, कधी छातीइतके उंच होतात आणि शेंगांच्या भाराने लवतात. पऱ्हाट्या रोवून सुतळीचे दोन पदर दोन्ही बाजूंनी ओढून घ्या, एवढा आधार पुरतो.

या काळात दोन गोष्टींकडे लक्ष लागतं. पहिली म्हणजे भेसळ. मुळ्याचा पराग मधमाशी लांबवर नेते. प्रमाणित बियाण्यासाठी दोन वाणांत 1000 मीटर आणि पायाभूत बियाण्यासाठी 1600 मीटर अंतर ठेवायचा नियम आहे. खेड्यात, सगळ्यांच्या बाड्या लागून असताना, हे अंतर मोजून मिळत नाही. त्यापेक्षा शेजारी जा आणि बोला. बहुतेकांच्या बाडीत फुलणारा मुळा म्हणजे खायचा राहून गेलेला मुळा असतो, तो उपटायला कोणी नाही म्हणत नाही. सगळ्यांत सोपा तोडगा म्हणजे गावाने किंवा बचत गटाने ठरवावं: मुळ्याचं बी एका घरी, मोहरीचं दुसऱ्या घरी, अळिवाचं तिसऱ्या घरी, आणि होळीनंतर वाटून घ्यावं.

भेसळीची भीती कुणापासून आणि कुणापासून नाही, हेही लक्षात असू द्या. मुळा फक्त मुळ्याशी मिसळतो, मग तो पांढरा असो, लाल असो की डिंगऱ्यांसाठी, म्हणजे कोवळ्या शेंगांसाठी, लावलेला. शेजारच्या मोहरीने किंवा कोबीने त्याचं काही बिघडत नाही. उलट पानकोबी, फुलकोबी, नवलकोल आणि ब्रोकोली दिसायला कितीही वेगळ्या असल्या तरी एकाच जातीच्या आहेत, त्या आपसात सहज मिसळतात. पुढे कधी फुलकोबीचं बी धराल तेव्हा हे आठवा.

दुसरी गोष्ट मावा. जानेवारीत ढगाळ हवा आली की कोवळ्या शेंड्यांवर राखाडी-हिरव्या माव्याची गर्दी होते. सुरुवातीलाच ते शेंडे खुडून साबणाच्या पाण्यात बुडवा. वाढला तर पाच टक्के निंबोळी अर्क: पाच किलो निंबोळी कुटून रात्रभर दहा लिटर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, शंभर लिटर पाणी करायचं आणि त्यात दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवायचा. छोट्या वाफ्याला याच हिशेबाने पाच-दहा लिटर पुरतं. फवारणी सूर्य मावळतीला गेल्यावरच करा. कपाशीवरचं उरलेलं औषध फुलोऱ्यावर मारायचा मोह अजिबात नको. दुपारी माशी फुलावर असते, आणि माशी मेली तर शेंगेत बी भरणार कोण?

कोवळ्या शेंगा म्हणजेच डिंगऱ्या. त्यांची भाजी घरात सगळ्यांना हवी असते. भाजीसाठी एक-दोन झाडं वेगळी राखा, नाहीतर बियाण्याच्या झाडांवरच हात पडतो.

काढणी आणि मळणी

फेब्रुवारीत शेंगा पिवळट पडायला लागल्या की पाणी तोडा. शेंगा करड्या, हलक्या आणि वाळक्या झाल्या की झाड बुंध्यातून कापा. मुळ्याच्या शेंगेचा एक मोठा फायदा आहे: ती वाळली तरी आपोआप तडकत नाही, त्यामुळे बी सांडत नाही. पण फेब्रुवारी-मार्चचा अवकाळी आणि गारपीट आपल्याकडे नवी नाही. आभाळ भरून आलं आणि बहुतेक शेंगा पिवळ्या झाल्या असतील तर वाट पाहू नका. झाडं कापून पडवीत उलटी टांगा, उरलेलं तिथे पिकेल. भिजलेल्या शेंगेत बी काळवंडतं आणि बुरशी धरतं.

शेंग न तडकण्याचा त्रास मळणीत कळतो. तिची साल जाड आणि आतून स्पंजासारखी असते, बोटांनी सोलायला गेलं तर दिवस जातो. शेंगा दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा, हाताने कुस्करल्यावर कुरकुर वाजायला हव्यात. मग दुपारीच, तापलेल्या असताना, पोत्यात भरून काठीने बडवा. संध्याकाळपर्यंत थांबलात तर त्या पुन्हा नरम पडतात. नंतर सुपात पाखडा. हलकं, पोचट बी भुशाबरोबर उडून जातं, ते जाऊ द्या. राहिलेलं टपोरं, तांबूस-तपकिरी बी तुमचं. हजार बियांचं वजन दहा ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे पाव किलोतही बऱ्याच घरांची सोय होते.

मोहरी आणि अळीव

मोहरी मुळ्यापेक्षा सोपी. आपल्याकडची मोहरी बरीचशी स्वतःच्याच परागाने बी धरते, त्यामुळे थोडी झाडं असली तरी चालतं, आणि अंतराची तितकी काळजी नाही. शक्य तेवढी दुसऱ्या वाणापासून लांब ठेवा. ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांनी मिळून काढलेले टीपीएम-1 आणि टीएएम 108-1 हे वाण सरळ वाण आहेत, त्यांचं बी बिनधास्त राखा. ऑक्टोबरअखेर गव्हाच्या किंवा हरभऱ्याच्या धुऱ्याने ओळ टाकली तरी घरापुरतं निघतं. मोहरीची शेंग मात्र वाळली की तडकते. तीन चतुर्थांश शेंगा पिवळ्या झाल्या की पहाटे, दव असताना कापा आणि जुन्या लुगड्यावर किंवा ताडपत्रीवर पसरा.

एका गोष्टीत हयगय नको. मोहरीच्या ओळीत पिवळा धोत्रा, म्हणजे ते काटेरी, पिवळ्या फुलाचं तण, एकही राहू देऊ नका. त्याचं बी मोहरीसारखंच गोल आणि काळपट असतं. नीट पाहिलं तर मोहरीचा दाणा गुळगुळीत लागतो आणि धोत्र्याच्या दाण्यावर जाळीदार खड्डे दिसतात. पण पसाभर बियांत मिसळल्यावर ते निवडणं जिकिरीचं. ते विषारी आहे. 1998 मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात धोत्र्याचं तेल मिसळल्याने लोकांच्या अंगावर सूज येऊन माणसं दगावली होती. घरची मोहरी बियाण्याला आणि फोडणीला दोन्हीकडे जाते, म्हणून हे तण फुलायच्या आत उपटा.

अळीव बाळंतिणीच्या लाडवासाठी विकत आणतो, तेच पेरता येतं, फक्त भाजलेलं नसावं. दिवाळीनंतर वाफ्यात फोका, फेब्रुवारीत बी तयार होतं. पाणी लागलं की अळिवाला बुळबुळीत चिकट आवरण सुटतं, म्हणून काढणीच्या वेळी ते थेंबानेही भिजता कामा नये आणि कधीही धुऊन साफ करू नये.

साठवण

बियाणं बिघडतं ते पावसाळ्यात. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेतला ओलावा बी शोषून घेतं आणि आतून खर्च होत जातं. आणि इथे विदर्भाचा उन्हाळा आपल्या कामी येतो. एप्रिल-मे महिन्यात आपली हवा इतकी कोरडी असते की सावलीत पसरलेलं बीसुद्धा खडखडीत वाळतं. म्हणून बी आधी सकाळच्या उन्हात तीन-चार दिवस, मग घरात सावलीत आठवडाभर पातळ पसरून वाळवा. मेच्या दुपारी टिनाच्या पत्र्यावर टाकू नका, पत्रा भाजतो आणि बी आतून मरतं. दाताखाली धरल्यावर मुळ्याचा दाणा दबला तर अजून ओल आहे, कटकन फुटला तर झालं.

काचेची घट्ट झाकणाची बरणी घ्या. तळाशी फडक्यात बांधलेले, कोरडे भाजून पूर्ण गार केलेले मूठभर तांदूळ ठेवा, ते उरलासुरला ओलावा ओढतात. त्यावर बी भरा, वरची जागा जितकी कमी राहील तितकं चांगलं. बरणी पाऊस यायच्या आत, मे महिन्यातच बंद करा आणि पेरणीआधी उगवण तपासेपर्यंत उघडू नका. आत चिठ्ठी टाका: पिकाचं नाव, वाण, कुणाकडून आलं, काढणीचं वर्ष. बाहेर चिकटवलेली चिठ्ठी झुरळं खातात. माठात राख घालून ठेवायची जुनी पद्धत कीड रोखते, पण माठाला दमट हवा लागते, म्हणून वर्षभरापुरतीच. बरणीतलं बी थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात तीन-चार वर्षं चांगलं राहतं.

पेरायच्या आधी

पोळा झाला की उगवण तपासा. शंभर दाणे मोजून ओल्या सुती फडक्यावर ओळीने मांडा, गुंडाळी करा आणि सावलीत ठेवा. फडकं ओलसर राहील इतकंच पाणी शिंपडा. चौथ्या-पाचव्या दिवशी उघडून मोड आलेले दाणे मोजा. मुळ्याला प्रमाणित बियाण्याची किमान मर्यादा 70 टक्के आहे, मोहरीला 85. मुळा पन्नासवर आला तर पेरताना बी दीडपट घ्या. तीसच्या खाली गेला तर आहे ते सगळं त्याच वर्षी पेरून नवीन बी धरा, पुढच्या वर्षी ते आणखी घसरेल. आणि उगवण कितीही चांगली असली तरी बरणीतलं सगळं बी एका हंगामात पेरू नका. निदान एक तृतीयांश मागे ठेवा. फेब्रुवारीत गारा पडल्या तर त्या वर्षीचं बी जातं, तेव्हा दिवाळीला पेरायला ही मागची बरणीच लागते.